बर्नडीनचा पाय

ब्रेकर हिलमध्ये कोणालाही विचारा, बर्नडीन हुडाकचा पाय कसा असतो, तो आधी मिटक्या मारेल आणि मग बोलेल. पाय म्हणजे चालायचा नव्हे हो, खायचा! खाली खुसखुशीत पारी, आत नारळाचं घट्ट कस्टर्ड, वर सायीचा ढीग आणि त्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा कीस. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांस वर्ज्य, म्हणून दर शुक्रवारी सेंट सिरिल चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण असतं. गडी माणसं मासे तळतात, बायका बटाटा भरून पिरोगी वळतात, आणि जिन्यापाशी लांबलचक टेबलावर घराघरांतून आलेले पाय विकायला मांडतात. त्या टेबलावर बर्नडीनची निळ्या काठाची थाळी आली रे आली की माणसं मासळी सोडून तिकडे धावायची. उशिरा येणाऱ्याच्या नशिबी रिकामी थाळी.

आणि बर्नडीनला हे पक्कं ठाऊक होतं. बाई मनानं वाईट नाही, पण जीभ म्हणजे कात्री. टेबलामागे कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक थाळीत खोट काढायची. वर्ना टकाचवर तर तिचा विशेष लोभ. "काय गं वर्ना, ही पारी आहे की आमच्या एमिलच्या बुटाचा तळवा?" असं चारचौघांत विचारायची. लोक हसायचे. वर्नाही हसायची, पण घरी जाताना तिचा चेहरा एवढासा झालेला असायचा.

आता खरी गोष्ट ऐका. बर्नडीनला पाय करता येत नव्हता. अजिबात नाही.

तो पाय तिच्या सासूचा. म्हातारी होती तोवर ती करायची, सून फक्त थाळी उचलून आणायची. म्हातारी गेली आणि पुढच्याच उपवासकाळात सगळे म्हणाले, आता सूनबाई, तुमची पाळी. बर्नडीननं करून पाहिला. एकदा कस्टर्ड फाटलं, एकदा पारी जळली, एकदा तर सगळंच नळाच्या पाण्यासारखं वाहिलं. तिच्या नवऱ्यानं, एमिलनं, ते सगळं चमच्यानं मुकाट्यानं खाल्लं, बिचारा! शेवटी रडकुंडीला येऊन ती गाडी काढून डोंगरापलीकडे गेली. तिथे साध्या टोप्या घालणाऱ्या मेनोनाइट शेतकऱ्यांची वस्ती आहे. रस्त्याकडेला होस्टेटलरबाईंचं छोटंसं लाकडी दुकान होतं, दारावर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, परवाना टांगलेला, आत पायांची रांग. तिथून तिनं एक नारळाचा घेतला, घरी आणून सासूच्या निळ्या काठाच्या थाळीत अलगद सरकवला आणि चर्चमध्ये नेला. सांगणार होती ती. खरंच सांगणार होती. पण पहिला घास खाऊन ओल्गा प्रोकोप ओरडली, "बाई गं! सासूच्याही वर गेलीस की!" आणि बर्नडीनच्या तोंडातून निघालं, "अगं, त्यात काय एवढं!"

झालं. एकदा ते वाक्य बाहेर पडलं, ते काही परत आत जाईना. तेव्हापासून दर गुरुवारी एमिल गाडी चालवायचा, बर्नडीन थाळी मांडीवर घेऊन बसायची आणि झाकली मूठ झाकलेलीच राहायची. इतकी वर्षं गेली की कधीकधी तिचं तिलाच वाटायचं, हा पाय आपणच करतो.

यंदा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरच्या गुरुवारी दोघं डोंगरापलीकडे गेली, तर दुकानाला फळ्या ठोकलेल्या. शेजारच्या शेतातला माणूस म्हणाला, होस्टेटलरबाई थकल्या, मुलानं त्यांना आपल्याकडे नेलं, लांब, दुसऱ्या राज्यात. बर्नडीन त्या फळ्यांकडे बघतच राहिली. थाळी तिच्या मांडीवर तशीच.

"सांगून टाक आता," परत येताना एमिल म्हणाला. "पायच तो. कोणाचा जीव नाही घेतलास."

"तुला काय जातंय सांगायला! तुला कुठे तोंड दाखवायचंय त्या बायकांना?"

"मलाही तळघरातच मासे तळायचे असतात."

"तू गाडी चालव."

पहिल्या शुक्रवारी ती मनगटाला पट्टी बांधून गेली. मुरगळलंय म्हणाली. सगळ्यांनी हळहळ केली. दुसऱ्या शुक्रवारीही पट्टी. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ओल्गानं तिला जिन्यात गाठलं. ओल्गा म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. ओल्गाच्या लेकीला, जोलीनला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेऊन उभी राहिलेली धर्ममाता बर्नडीनच.

"हे बघ, तुझ्या पायाशिवाय टेबल कसं भुंडं दिसतं," ओल्गा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. या आठवड्यात माझ्याकडे माझा भाऊ यायचाय. पण पुढच्या गुरुवारी आम्ही तुझ्याकडे येतो. तू खुर्चीत राणीसारखी बस आणि हुकूम सोड. हात आमचे, डोकं तुझं. त्या निमित्तानं आम्हालाही कळेल गं तू त्यात काय घालतेस!"

"कशाला उगाच त्रास…"

"त्रास कसला? वर्नासुद्धा येणारे. म्हणाली, एकदा शिकूनच घेते, म्हणजे बर्नडीनचं तोंड बंद होईल."

बर्नडीन हसली. पण रात्रभर तिला वर्नाचा चेहरा दिसत राहिला, ती चमच्यानं फाटलेलं कस्टर्ड उचलून बघतेय आणि काहीच बोलत नाहीये. बोलली असती तर परवडलं असतं.

आता, या गावाला नियमांची काही कमी नाही. ओसरीवर जुना सोफा ठेवला तर दंड. घरातलं जुनंपानं अंगणात मांडून विकायचं तर आधी परवानगी काढा. मागच्या उन्हाळ्यात एमिलची कंबर धरली होती, तेवढ्यात अंगणातलं गवत बोटभर जास्त वाढलं, तर गावच्या कचेरीतून नोटीस आली, अमुक तारखेपर्यंत कापा. एमिलनं कापलं, प्रकरण मिटलं. बर्नडीनच्या डोक्यात हीच नोटीस घोळायला लागली. तिला आठवलं, तिची नणंद सांगत होती, त्यांच्या बाजूच्या चर्चमध्ये घरचे पाय विकायला बंदी आली म्हणून. कायद्यात बसत नाही म्हणे. वा! म्हणजे इथेही कोणी कळवलं, तर फादरना एक कागद येईल, मुदत मिळेल, पायांचं टेबल गुपचूप बंद होईल, आणि गुरुवारी कोणी कोणाकडे शिकायला येणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला!

सोमवारी ती लायब्ररीत गेली आणि तिथल्या फोनवरून काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन लावला. आवाज बारीक करून म्हणाली, ब्रेकर हिलच्या चर्चमध्ये घरी केलेले पाय विकतात, हे चालतं का? पलीकडची बाई कंटाळलेली होती. म्हणाली, तक्रार लिहून घेते, सवडीनं बघतील, उन्हाळा उजाडेल.

"उन्हाळा?" बर्नडीन घाबरली. "तोवर उपवासकाळ संपेल की!"

"बाई, माणसं कमी आहेत आमच्याकडे. कोणी आजारी वगैरे पडलं असेल तर गोष्ट वेगळी. पडलंय का कोणी?"

बर्नडीननं डोळे मिटले. "पडलं होतं एक जण," ती म्हणाली. "पोट बिघडलं."

एवढंच. फोन ठेवला आणि येताना तिनं एमिलसाठी गरम डोनटही घेतले.

शुक्रवारी तळघर माणसांनी गच्च भरलेलं होतं. तळणीचा वास, पोरांचा गोंधळ, फादर टिमको हातात थाळी घेऊन टेबलाटेबलाशी विचारपूस करत हिंडतायत. आणि जिन्यावरून एक माणूस उतरला. गळ्यात आरोग्य खात्याचं ओळखपत्र, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात ब्लीचची पांढरी बाटली. मासे तळणाऱ्यांकडे त्यानं नुसती मान हलवली. पिरोगी चर्चच्या स्वयंपाकघरात झालेल्या, त्या स्वयंपाकघराला परवाना, त्यांनाही काही म्हणाला नाही. थेट पायांच्या टेबलाशी आला.

"हा कोणी केला?"

"मी!" म्हाताऱ्या म्राझ आजी खुर्चीतून अभिमानानं म्हणाल्या. नव्वदीला टेकलेल्या, हात थरथरतात, पण दर शुक्रवारी मनुक्यांचा एक पाय त्यांचा. "घे बाळा, तुकडा घे. भूक लागली असेल."

"घरी केलात का?"

"मग काय रस्त्यावर करू?"

"घरात कुत्रा, मांजर?"

"मांजर आहे. पण ती पायाला तोंड लावत नाही हो, तिला मासळी लागते."

आजूबाजूचे खो खो हसले. तो हसला नाही. "आजी, मांजर असलेल्या स्वयंपाकघरातला माल विकता येत नाही. मांजर नसतं तरी विकता आला नसता. स्वयंपाकघर तपासलेलं लागतं. हे सगळे पाय मला फेकावे लागतील."

फादर पुढे आले. "अहो साहेब, विकत नाही मग. फुकट वाटतो. धर्मकार्य समजा."

"फुकट वाटले असतेत तर माझी काही हरकत नव्हती, फादर. पण किमतीची पाटी लावलीय तुम्ही. पाटी लागली की तो माल झाला."

"पाटी काढतो!"

"मी बघितली ना आता."

ओल्गा उसळली. "आणि बाजारातून आणून विकला तर? तो प्लॅस्टिकच्या डब्यातला, कधीचा कोण जाणे?"

"दुकानातला चालेल."

"तो चालेल! आणि सकाळी उठून हातानं केलेला नाही चालणार?"

"हो मॅडम. नियम तसा आहे."

बर्नडीन टेबलाच्या टोकाशी पट्टीचा हात धरून उभी होती. दुकानातला चालेल. म्हणजे इतकी वर्षं त्या टेबलावर कायदेशीर पाय एकट्या तिचाच होता! दुसरी कुठली वेळ असती तर तिला हसू आलं असतं.

त्या माणसानं मोठी कचऱ्याची पिशवी उघडली आणि एकेक पाय आत उलटा करायला लागला. सफरचंदाचे, चेरीचे, वर्नाचा लिंबाचा. मग ब्लीचची बाटली उघडून वरून ओतली. लोक पिशवीतून काढून खातात म्हणून ओतावंच लागतं, असं तो कोणाकडेही न बघता म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. तळणीच्या वासावर तो दवाखान्यासारखा वास पसरला. म्राझ आजींचं मात्र कोणाकडे लक्ष नव्हतं. त्या आपली रिकामी थाळी मांडीवर घेऊन तिच्या काठाला चिकटलेला एक मनुका नखानं काढत होत्या. "अन्न आहे रे ते," एवढंच म्हणाल्या. "चांगलं अन्न आहे."

बर्नडीनला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण धरणी कसली दुभंगते! सिमेंटची फरशी होती.

"निदान आधी सांगायचंत तरी," फादर म्हणाले.

"एरवी नोटीसच देतो, फादर. पण फोनवर त्या बाईनं सांगितलं, इथलं खाऊन कोणी आजारी पडलंय. मग लगेच यावं लागतं."

"बाईनं?" वर्ना म्हणाली. "कोण बाई?"

"नाव नाही सांगितलं."

तो गेला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कोण आजारी पडलं? कोणीच नाही. मग खोटं सांगणारी ही बाई कोण? आणि यात फायदा कोणाचा? वर्नानंच तोंड उघडलं. "ज्यांचं पाय विकायचं दुकान आहे त्यांचा."

सगळ्यांच्या माना ओल्गाकडे वळल्या. ओल्गाच्या जोलीनचं महामार्गाजवळ लहानसं उपाहारगृह होतं. नवऱ्यानं सोडल्यावर एकटीच्या हिमतीनं उभं केलेलं. परवान्यासाठी तिला स्वयंपाकघरात तीन-तीन सिंक लावावे लागले होते, आपोआप बंद होणारं दार बसवावं लागलं होतं. नाताळात ती सगळ्यांसमोर हसत म्हणाली होती, "मला मेले भिंतीचा रंगसुद्धा विचारतात, आणि तुमच्या घरी कुत्री भांडी चाटतात तरी तुम्हाला कोणी हटकत नाही!" तेव्हा सगळे हसले होते. आता तेच वाक्य सगळ्यांना आठवलं.

"माझी पोर असं करायची नाही," ओल्गा म्हणाली. पण आवाजात तो नेहमीचा जोर नव्हता.

बोल, बर्नडीन, बोल. आत्ताच बोल. तिनं तोंड उघडलंसुद्धा. आणि तिला ब्लीचचा ठसका लागला. ती खोकत खोकत जिना चढून वर गेली.

तीन-चार दिवसांतच जोलीनचं दुकान ओस पडलं. न्याहारीला येणारे म्हातारे पुढच्या गावी जाऊ लागले. एका सकाळी तिच्या दारात कोणीतरी ब्लीचची रिकामी बाटली ठेवून गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ओल्गा लेकीचा फोन उचलेना. सबंध गाव साप म्हणून भुई धोपटत होतं, आणि साप आपल्या घरी पडदे ओढून बसला होता.

मंगळवारी जोलीन मागच्या दारानं बर्नडीनकडे आली. डोळे सुजलेले, अंगावर कामाचा ॲप्रन तसाच.

"बर्नीमावशी, तुला तरी वाटतं का मी असं केलं असेल?"

"नाही गं बाळा. तू नाही केलंस."

"एवढ्या खात्रीनं? आईलासुद्धा खात्री नाही."

बर्नडीननं ओट्यावरचं फडकं उचललं, झटकलं, परत ठेवलं. "मी ओळखते ना तुला."

जोलीन तिच्या गळ्यात पडून रडली. बर्नडीनचे हात तिच्या पाठीवरून फिरत होते, आणि तिला त्या हातांची किळस येत होती. कोपऱ्यात एमिल पेपरमागे बसला होता. पेपरचं पान काही उलटत नव्हतं.

"मी एक विचार केलाय," डोळे पुसत जोलीन म्हणाली. "माझं स्वयंपाकघर तपासलेलं आहे. गुरुवारी दुपारी मी दुकान बंद ठेवते. सगळ्यांनी तिथे येऊन पाय करावेत, शुक्रवारी चर्चमध्ये विकावेत. कायद्यात बसतं, मी विचारलंय. एक पैसा घेणार नाही मी. पण माझ्या हाकेला कोण येणार? तू पहिली ये, मावशी. तू तुझा नारळाचा पाय माझ्याकडे केलास की बाकीच्या मागून येतील. तुझं ऐकतात सगळ्या."

"माझं मनगट…"

"मी ढवळीन गं. तू नुसती ये." आणि मग हळूच म्हणाली, "असंच चाललं तर मला दुकान विकून जावं लागेल. कुठे जाऊ, तेही ठाऊक नाही."

ती गेल्यावर एमिलनं पेपर खाली केला. "तो फोन तू केलास ना?"

बर्नडीननं फडकं पुन्हा उचललं आणि स्वच्छ ओटा पुसायला घेतला.

"डोनट आणलेस त्या दिवशी. उपवासकाळात तू कधी डोनट आणत नाहीस." त्यानं पेपर घडी करून ठेवला आणि उठून बाहेर गेला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी ती निळ्या काठाची थाळी घेऊन गेली. तिची गाडी दारात बघून बाकीच्याही आल्या, नाकं मुरडत का होईना. जोलीननं प्रत्येकीला केसांवर घालायला जाळी दिली. म्राझ आजींना खुर्ची दिली, मनुके भिजवून ठेवले होते. सगळं लखलखीत. तीन सिंक ओळीनं, एक धुवायचा, एक विसळायचा, तिसरा ब्लीचच्या पाण्याचा. तिसऱ्याकडे बघून वर्ना म्हणाली, "इथे भरपूर आहे की! दारातल्या बाटल्या जपून ठेव गं, कामाला येतील."

जोलीननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पीठ पुढे सरकवलं.

"आणि पुढच्या महिन्यापासून भट्टीचं भाडं लावशील ना?" वर्ना थांबेना. "आधी आमची चूल बंद पाडायची, मग आपली दाखवायची. छान आहे हो धंदा!"

"वर्ना, पुरे," ओल्गा म्हणाली. आणि लेकीकडे वळली. "पण तू तरी एकदा कबूल कर गं. आई आहे मी तुझी. चूक झाली म्हण, पाया पड म्हाताऱ्या म्राझ आजींच्या, मिटून जाईल. असं किती दिवस मी मान खाली घालून हिंडू?"

जोलीन लाटणं हातात धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं अवसान एकदम गळून गेलं.

"बरं," ती म्हणाली. "मी केला फोन. मीच केला. झालं समाधान सगळ्यांचं? आता पाय करा आणि मला माझं दुकान चालवू द्या."

ओल्गानं तोंडावर हात घेतला. म्राझ आजी भिजवलेल्या मनुक्यांच्या वाटीत बघत राहिल्या.

"तिनं नाही केला," बर्नडीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी केला. लायब्ररीतून. आजारी पडल्याचं खोटं मीच सांगितलं."

आणि मग ओल्गा तिच्याजवळ आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "किती गं मोठं तुझं मन! धर्ममाता झालीस म्हणून तिचं पापसुद्धा अंगावर घेतेस?"

"अगं, मी खरंच…"

"पुरे, पुरे," वर्ना म्हणाली. "तू कशाला करशील? सगळ्यांत आधी तुझाच पाय संपतो. तुला काय पडलंय टेबल बंद पाडायला? पांघरूण घालायचं तरी किती घालावं माणसानं!"

बर्नडीननं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्या तिच्याकडे मायेनं बघत होत्या. खोटं बोलली तेव्हा इतकी वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि आता खरं बोलतेय तर म्हणतात, काय मोठं मन! फक्त जोलीन मायेनं बघत नव्हती. ती बर्नडीनच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिला कळत चाललं होतं. मंगळवारची ती खात्री तिला आठवत असावी.

बर्नडीननं मनगटाची पट्टी सोडली. गुंडाळून खिशात टाकली. बाह्या वर केल्या.

"माझं मनगट धडधाकट आहे," ती म्हणाली. "आता मी पाय करते. कोणी मदत करायची नाही. नुसतं बघा."

आणि तिनं केला. पिठात लोणी टाकलं आणि पुरणपोळीची कणीक तिंबावी तसं तिंबत बसली. वर्नाचा हात नकळत पुढे आला, "अगं, एवढं मळू नकोस, चिवट…" आणि तिथेच थांबला. पारी थाळीत घालताना फाटली, तिनं ठिगळं लावली. दूध उकळलं. अंडी फोडली, टरफलाचा तुकडा बोटानं शोधून काढला, आणि उकळत्या दुधात अंडी तशीच ओतली. दूध फाटलं. पिवळ्या गुठळ्या वर आल्या. ती ढवळत राहिली. तिला घाम फुटला होता, जाळीतून केस निघाले होते. कोणी हसलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला अंगणही आज वाकडं नव्हतं, उभ्या काउंटीत एवढं सरळ अंगण नसेल. तिनं खोबरं घातलं, ते सगळं निळ्या काठाच्या थाळीत ओतलं, भट्टीत ठेवलं, आणि भट्टीच्या दाराशी उभी राहिली. कोणाकडेही वळून न बघता.

बाहेर काढल्यावर थंड होईपर्यंत थांबायचं असतं, हेही तिला माहीत नव्हतं. तिनं सुरी घातली. काठ कडाडला आणि आतलं सगळं गुठळ्यांसकट बशीत वाहिलं, बशीतून ओट्यावर, ओट्यावरून खाली.

"होस्टेटलरबाई म्हणून होत्या डोंगरापलीकडे," बर्नडीन म्हणाली. "त्यांचा होता तो पाय. दर वर्षी, दर वेळी. यंदा त्या गेल्या. तुम्ही माझ्याकडे शिकायला येणार होतात, म्हणून मी फोन केला."

वर्नानं चमचा घेतला. थाळीतली ठिगळाची पारी उचलली, चावून पाहिली. तिला ती नीट चावता येईना. इतक्या वर्षांचं काय काय तिच्या ओठांवर आलं असेल! बुटाचा तळवा तर नक्कीच आला असेल. पण तिनं घास गिळला, चमचा खाली ठेवला आणि काहीच म्हणाली नाही. बर्नडीनला नेमकी याचीच भीती वाटली होती.

ओल्गा तिच्याकडे बघत नव्हती. ओल्गा लेकीकडे बघत होती. "जोलीन," ती म्हणाली, "जोलीन, मी…" जोलीननं आईला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तिनं म्राझ आजींच्या पुढ्यात पारी लाटून ठेवली, मनुक्यांची वाटी सरकवली. "करा आजी, तुमचा करा," म्हणाली. मग बाकीच्याही हळूहळू आपापल्या पिठाकडे वळल्या. लाटण्यांचा आवाज सुरू झाला.

बर्नडीन तिथेच उभी होती. जा असं तिला कोणी म्हणत नव्हतं, थांब असंही कोणी म्हणत नव्हतं. शेवटी तिनं ती थाळी उचलली आणि सिंकापाशी नेली. सासूची थाळी. तळाला फाटकं दूध चिकटलेलं. तिनं ती घासली, विसळली, आणि पुसायला फडकं शोधायला लागली.

"तिसऱ्यातही बुडवायची," मागून जोलीन म्हणाली. मावशी म्हणाली नाही. "नियम आहे."

बर्नडीननं दोन्ही हातांनी थाळी ब्लीचच्या पाण्यात बुडवली. तळघरातला तोच वास वर आला. तिच्या बोटाला अंड्याच्या टरफलानं कापलं होतं, तिथे झोंबायला लागलं. जोलीन काढ म्हणेल तेव्हा काढायची म्हणून ती तशीच हात बुडवून उभी राहिली.